गाणी बनवायला सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं? खरंच काय बघून ठरवायचं?

पखवाज_सातारा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलं माकलं सांभाळून घ्या. मी साताऱ्यात राहतो. आमच्या पेठेत भजनी मंडळ आहे, मी पखवाज वाजवतो. मंडळाचे अभंग नीट रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायचेत. पेटी, पखवाज, टाळ, बुवा आणि मागं झील धरणारी सात-आठ माणसं. दुसरीकडं माझा चुलतभाऊ मागं लागलाय की हलगीवर बीट बनवू, रील्सला चालतंय, वरातीला वाजतंय. म्हणजे एकाच लॅपटॉपवर दोन संसार.

लॅपटॉप विंडोजचा, आय फाइव्ह, ८ जीबी रॅम. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस घेतलाय, एक कंडेन्सर माईक आहे. सॉफ्टवेअरला आठ-दहा हजारापर्यंत जाऊ शकतो, त्याच्यावर नाही.

यूट्यूब बघून डोकं फिरलं. एक म्हणतो एफएल, एक म्हणतो एबलटन, एक म्हणतो क्युबेसशिवाय गायनच करू नका, आणि एकानं तर सांगितलं की अमक्या सॉफ्टवेअरचा साऊंडच गरम आहे आणि तमक्याचा पातळ. हे खरं असतं का? नक्की कोणत्या गोष्टी बघायच्या आणि कोणत्या सोडून द्यायच्या?

मिरजेची_खुंटी

गरम-पातळ ते पहिलं डोक्यातनं काढ. माझा मिरजेत छोटा सेटअप आहे, बरेच जण हाच प्रश्न घेऊन येतात.

घरी करून बघ. एकच वेव्ह फाईल दोन वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये टाक, कुठलाही प्लगइन (वरनं जोडायचा इफेक्ट किंवा वाद्य) लावू नको, फेडर शून्यावर ठेव आणि दोन्हीकडनं बाहेर काढ. मग त्या दोन फाईली एकाच प्रोजेक्टमध्ये एकाखाली एक ठेवून एकीची फेज उलटी कर. दोन्ही सारख्या असतील तर एकमेकींना खाऊन टाकतात आणि काहीच ऐकू येत नाही. आजकालची सगळी आत ३२ किंवा ६४ बिट फ्लोटवर गणित करतात, बेरीज ती बेरीज, कोल्हापुरात केली काय आणि मुंबईत केली काय. फरक आला तर बहुतेक वेळा पॅन लॉचा असतो. आवाज मधोमध ठेवला की काही सॉफ्टवेअर तो ३ डेसिबलनं खाली घेतात, काही अजिबात घेत नाहीत (रीपर नावाचं सॉफ्टवेअर तसंच ठेवतं, सेटिंगमध्ये बदलता येतं). ३ डेसिबल जास्त वाजलं की माणसाला ते चांगलंच वाटतं, आणि मग गरम वगैरे शब्द सुरू होतात.

तुला बघायचं ते दुसरंच आहे. तुझं गाणं क्लिकवर (मेट्रोनोमच्या टिकटिकीवर) चालतं का माणसावर चालतं? बाकी सगळं त्याच्यानंतर. सविस्तर रात्री लिहितो, आता गिऱ्हाईक आलंय.

वाळव्याचा_बीट

भावा डोळं झाकून एफएल घे. मी वाळव्याचा, हलगी ताशा सगळं त्याच्यावरच करतो. कारण सांगतो नुसतं फॅन म्हणून न्हाई बोलत. एक, एकदा पैसं दिलं की पुढची सगळी व्हर्जन फुकट, आयुष्यभर. ही गोष्ट बाकी लई कमी जण देत्यात. दोन, चॅनल रॅकमध्ये हलगीचं चार ठोकं टाकलं की दोन मिनिटात लूप फिरायला लागतो, चुलतभावाला हेच पायजे. तीन, आपल्या भागातली पोरं बहुतेक ह्याच्यावरच हायत, अडलं तर फोन लावला की पोरगं सांगतंय कुठलं बटण दाबायचं.

फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेव. डेमोत सेव्ह होतं पण सेव्ह केलेला प्रोजेक्ट परत उघडत न्हाई, विकत घेतल्यावरच उघडतो. त्यामुळं डेमोत काम केलंस तर लॅपटॉप बंद करायच्या आधी वेव्ह काढून घे. आणि सगळ्यात स्वस्त जी फ्रुटी एडिशन हाय तिच्यावर डोळं झाकून जाऊ नको, माईकवरनं रेकॉर्डिंग तिच्यात होतं का ते आधी बघ, प्रोड्युसर एडिशनमध्ये होतं. स्वस्त बघून घेतात आणि मग माईक लावून बसतात पोरं. घ्यायच्या आधी त्यांच्या साईटवर कुठल्या एडिशनमध्ये काय हाय तो तक्ता बघ.

मिरजेची_खुंटी

वाळवेकर, या पखवाजवाल्याच्या अर्ध्या कामाला एफएल एकदम बरोबर, त्यात वाद नाही. पण अभंगाचं बघा.

भजन कसं चालतं? बुवा निवांत उचलतात, दोन चरण संथ, मग मंडळ तापतं, टाळ वाढतात, शेवटी लग्गी लागते तेव्हा लय सुरुवातीच्या दीडपट कधी झाली कुणाला कळत पण नाही. तिथं बुवांच्या कानात टिक टिक लावून बसवलं तर ते हेडफोन काढून ठेवतील आणि वर चार शब्द ऐकवतील. मग सॉफ्टवेअरला माणसाच्या मागं यायला लागतं. आधी गाऊन घ्यायचं, नंतर समेवर खुणा टाकत टेम्पोचा नकाशा बनवायचा, म्हणजे वरनं तानपुरा, पॅड (मागं लांबवत ठेवलेले सूर), एखादी बासरी टाकली तर ती लयीत बसते. ॲपलच्या लॉजिकमध्ये याला स्मार्ट टेम्पो आहे, क्युबेसमध्ये टेम्पो डिटेक्शन आणि टाइम वार्प आहे, रीपरमध्ये हातानं मार्कर टाकत जायचे, थोडं किचकट आहे पण होतं. एफएल मुळात पॅटर्नवर उभं आहे, त्याचा सगळा विचार चौकटीतनं निघतो. २०१८ ला एफएल २० आलं तेव्हा कुठं त्यात टाइम सिग्नेचर नीट आली, त्याआधी रूपकच्या सात मात्रा बसवायला बरीच कसरत. आता होतं सगळं. पण जे होतं आणि जे सहज होतं त्यात रोज तीन तास बसणाऱ्याला फरक पडतो.

दुसरं म्हणजे सुरांचं. अभंग गाणाऱ्याच्या गळ्यात मींड असते, कण असतात. ऑटोट्यून कडक लावला की प्रत्येक स्वर पेटीच्या पट्टीवर आपटतो आणि मींड मरते. एकेक स्वर हातानं उचलून सरकवता येईल असं साधन पाहिजे. क्युबेसच्या वरच्या एडिशनमध्ये व्हॅरिऑडिओ, लॉजिकमध्ये फ्लेक्स पिच, एफएलमध्ये न्यूटोन, नाहीतर मेलोडाइन वेगळं घ्यायचं. आणि खरं सांगू का, बुवा सुरात असतील तर यातलं काहीच लागत नाही.

जाता जाता एक, मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय टॅग मिळाला आणि इथलीच पोरं तानपुऱ्याचे सॅम्पल डॉलरमध्ये विकत घेतात. सतारमेकर गल्लीत जा की राव माईक घेऊन.

कोयनाकाठची

खुंटी सरांचं तानपुऱ्याचं वाक्य फ्रेम करून लावते :)

मी कराडची, कीर्तनं आणि पुस्तकवाचन रेकॉर्ड करते, गाणी कमी. मी रीपर वापरते. कारणं अगदी संसारी आहेत. ६० डॉलरचं लायसन, वैयक्तिक वापराला किंवा धंद्याची वर्षाची उलाढाल २०,००० डॉलरच्या आत असेल तर तेच, त्याच्या वर २२५. ६० दिवस पूर्ण चालतं, काही लॉक नाही, सेव्ह होतं, परत उघडतं. सातव्या व्हर्जनला पैसे दिले तर ८.९९ पर्यंतचे सगळे अपडेट त्यातच. आणि हलकं इतकं की माझ्या जुन्या लॅपटॉपवर पण फॅन ओरडत नाही. विनॅम्प आठवतंय का कुणाला, एमपीथ्री ऐकायचं? तो ज्यानं बनवला त्या जस्टिन फ्रँकेलचंच हे.

पण पखवाजदादा, वाईट बाजू पण ऐका. रीपरमध्ये वाद्यं जवळजवळ नाहीतच. उघडलं की रिकामी खोली. इक्यू, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब सगळं आहे आणि चांगलं आहे, पण पियानो नाही, तबला नाही, काही नाही. तुमच्या चुलतभावाला ते उघडून पाच मिनिटात कंटाळा येईल. मंडळासाठी मात्र वाद्यं लागतातच कुठं, ती तर माणसं घेऊन येतात.

आणि अजून एक घटक जो कुणी यूट्यूबवर सांगत नाही, तो म्हणजे ऊसतोडीचा सीझन. हसू नका. आमच्या रस्त्यावरनं रात्री दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून जातो, टेक गेला. त्यामुळं माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय तर एकाच ओळीचे पाच टेक एकाखाली एक ठेवून त्यातले चांगले तुकडे पटकन जोडता येणं. हे प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असतं पण प्रत्येकात हाताला वेगळं लागतं. डेमोमध्ये हेच करून बघा, इफेक्ट लावून बघण्यात वेळ घालवू नका.

जुना_टेपवाला

वाचतोय. तुम्ही सगळे स्वस्ताचंच बोलताय. उद्या ह्या मुलाला पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत काम द्यायचं झालं तर तिथं प्रो टूल्स चालतं. मग शिकायचं तर तेच का शिकू नये? आम्ही कॅसेटच्या काळापासून बघतोय, स्टुडिओची भाषा एकच असते.

मिरजेची_खुंटी

टेपवाले काका, तुमचा मान राखून बोलतो. स्टुडिओत नोकरी करायची असेल तर प्रो टूल्स शिकावंच, पोस्ट प्रॉडक्शनला तर हमखास. त्याची इंट्रो एडिशन फुकट मिळते, ८ ऑडिओ ट्रॅकची, शिकायला तेवढी बास. पण घरनं काम करून पाठवायचं असेल तर समोरचा तुमचा प्रोजेक्ट मागतच नाही, स्टेम मागतो. प्रत्येक ट्रॅकची वेगळी वेव्ह, सगळ्या शून्यापासून सुरू होणाऱ्या, २४ बिट, व्हिडिओसाठी असेल तर ४८ किलोहर्ट्झ. सोबत टेम्पो आणि पट्टी लिहून द्यायची. एवढं दिलं की तुम्ही ते कशात बनवलं हे कुणी विचारत नाही. २०२३ ला डीएडब्ल्यूप्रोजेक्ट नावाचा एक सामाईक फॉरमॅट पण आला, बिटविग आणि स्टुडिओ वननं काढला, नंतर क्युबेसनं पण घेतला. पण आपल्याकडं अजून वेव्हवरच गाडी चालते.

जुना_टेपवाला

स्टेमचं मान्य. पण मग मी पण एक घटक सांगतो, तुम्ही तरुण लोक विसरता तो. कंपनी उद्या राहील का? केकवॉक सोनार वापरणारे किती लोक होते. २०१७ च्या नोव्हेंबरात गिब्सननं जाहीर केलं की आता बंद. पैसे भरलेले लोक तोंडात बोट घालून बसले. २०१८ ला बँडलॅबनं ते विकत घेतलं आणि फुकट वाटलं, म्हणून वाचले. लॉजिकचं तसंच, २००२ ला ॲपलनं इमॅजिक कंपनी घेतली आणि विंडोजवाल्यांना रामराम. क्युबेसला तर डोंगल (यूएसबीत लावायची किल्ली) लागायचा, तो हरवला की सॉफ्टवेअर हरवलं. २०२२ ला क्युबेस १२ पासून तो गेला एकदाचा.

म्हणून मी सांगतो, काम संपलं की प्रत्येक गाण्याच्या कोऱ्या वेव्ह काढून वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवायच्या. सॉफ्टवेअर बदलतं, वेव्ह उघडतीच.

कोयनाकाठची

काका +१. वाचनखूण साठवली.

सांगली_४८के

उशिरा आलो. सांगलीत इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, त्यामुळं लेटन्सीवर (वाजवल्यापासून कानात ऐकू येईपर्यंतचा उशीर) कुणी नीट बोललं नाही याचा त्रास झाला. अर्धे लोक सॉफ्टवेअर बदलतात ते लेटन्सीमुळं आणि दोष असतो ड्रायव्हरचा.

बफर म्हणजे काय तर संगणक आवाजाचे किती नमुने साठले की एकदम उचलणार ते. ४८ किलोहर्ट्झला १२८ चा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.३, १०२४ म्हणजे २१. हे एका बाजूचं झालं. आत येताना एकदा, बाहेर जाताना एकदा, वर इंटरफेसचा स्वतःचा वेळ. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे दहा मिलिसेकंदाचा उशीर हा साडेतीन मीटरवर बसलेल्या टाळकऱ्यासारखा, तो चालतो. पण चाळीस-पन्नास झाला की पखवाजवाला स्वतःच्याच थापेच्या मागं पळतो.

आता मुद्दा असा की हा आकडा सॉफ्टवेअर ठरवत नाही, इंटरफेसचा एसिओ ड्रायव्हर (विंडोज आणि इंटरफेस यांना जोडणारा प्रोग्राम) ठरवतो. कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर टाक, एसिओ फॉर ऑल हा नाइलाज म्हणून. रेकॉर्ड करताना बफर कमी, मिक्स करताना जास्त. आणि इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असेल तर गाणाऱ्याला तिथूनच ऐकव, आवाज संगणकात जाऊन यायची वाटच बघायला नको. त्यावेळी सॉफ्टवेअरमधलं ट्रॅकचं मॉनिटरिंग मात्र बंद कर, नाहीतर आवाज दोनदा ऐकू येतो आणि लोक मला फोन करतात की सर इको येतोय. आणि कृपा करून ब्लूटूथ हेडफोन लावून रेकॉर्ड करू नका. कृपा करून.

रॅम ८ जीबी आहे म्हणतोस. नुसत्या ऑडिओ ट्रॅकला भरपूर. मोठ्या सॅम्पल लायब्ररी टाकल्यास तर मात्र गुदमरेल, तेव्हा ट्रॅक फ्रीझ करायची (वाद्याचा ट्रॅक तात्पुरता ऑडिओत बदलून ठेवायची) सोय कशी आहे ते बघ. डिस्कचा हिशोब पण सांगतो, २४ बिट ४८ ला एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण साडेआठ एमबी खातो. दोन ट्रॅकवर तासभर भजन म्हणजे एक जीबीच्या आसपास.

आणि कुणाच्या लक्षात आलं का, याच्याकडं इनपुट दोनच आहेत! अमक्यात १६ ट्रॅकची मर्यादा, तमक्यात अमर्याद, यावर लोक भांडतात. अरे एका वेळी आत दोनच माईक जाणार आहेत. माईक तर सध्या एकच आहे.

वाळव्याचा_बीट

सर बरोबर हाय, पण माझा एक प्रश्न. सगळ्यांनी पैशाचं सांगितलं पण खरं कुणी बोलंना. आमच्या इथं दहातली निम्मी पोरं क्रॅक वापरत्यात. त्या पोरांनी काय करायचं? साठ डॉलर म्हणजे काय एकाच्या खिशातनं पडत न्हाईत.

सांगली_४८के

क्रॅकबद्दल उपदेश करत नाही. माझ्याकडं पोरांचे लॅपटॉप येतात, क्रॅकच्या इन्स्टॉलरसोबत काय काय आत शिरलेलं असतं ते बघतो, अँटिव्हायरस बंद करा असं त्या फाईलीतच लिहिलेलं असतं आणि पोरं करतात पण. अपडेट करता येत नाही, ऐन वेळी प्लगइन सापडत नाही म्हणून प्रोजेक्ट उघडत नाही. आणि फुकट, कायदेशीर एवढं पडलंय की गरजच नाही. वेव्हफॉर्म फ्री आहे, एलएमएमएस आहे (त्यात माईकच्या रेकॉर्डिंगची अपेक्षा ठेवू नका, बीटला ठीक), मॅक किंवा आयफोन असेल तर गॅरेजबँड, साध्या फोनवर बँडलॅब. इंटरफेसच्या खोक्यात पण एखाद्या सॉफ्टवेअरचा कोड येतो, एबलटनचं लाइव्ह लाइट ८ ट्रॅकचं, ते पुष्कळ जणांबरोबर मिळतं. पखवाज, तुझं खोकं फेकलं नसशील तर आधी त्यात बघ.

कोयनाकाठची

लाइव्ह लाइट चुलतभावाला आवडेल. सेशन व्ह्यूमध्ये हलगीचे तुकडे वेगवेगळ्या खान्यात टाकायचे आणि बोटानं दाबत बसायचं, वरातीचा डाव घरीच. अभंगाला मात्र मला ते उलटं पडतं, पण ती माझी सवय.

पखवाज_सातारा

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. खोकं माळ्यावर सापडलं, कोड आहे, लाइव्ह लाइटचाच. ते चुलतभावाला देऊन टाकलं, तो खोलीतनं बाहेर यायला तयार नाही.

मंडळासाठी रीपर टाकलं. इंटरफेसचा ड्रायव्हर टाकला, बफर १२८ ला चालतोय. डायरेक्ट मॉनिटरचं बटण पण होतं, मला वाटायचं ते कशाला असतं. काल बुवा आणि पेटी मिळून एक अभंग घेतला, एकच माईक मधे ठेवून. खुंटी सर म्हणतात तसं क्लिक न लावता. बुवा खुश.

पण नवीन घोळ झाला. वरनं एका फुकटच्या प्लगइनचा पॅड टाकला तर तो बेसूर लागतो. बुवांची काळी दोन आहे, मी पण काळी दोनच लावली, तरी कान किटतात. हे रीपरमुळं आहे का? एफएलमध्ये बरोबर येईल का?

वाळव्याचा_बीट

एफएलमध्ये बरोबर येईल :D

मिरजेची_खुंटी

येणार नाही, वाळवेकर उगा भरीस घालू नका.

पेटी जुनी आहे ना? जुन्या पेट्यांचे सूर ४४० वर असतीलच असं नाही, कुठली थोडी चढी, कुठली उतरी. वर्षानुवर्ष भाता मारून सूर सरकतात पण. प्लगइन मात्र ४४० ला घट्ट बसलाय. काळी दोन दोघांचीही काळी दोनच, पण मधे वीस-तीस सेंटचा फरक असेल तर ते दोन सूर एकमेकांवर घासतात आणि डुगडुग ऐकू येतं. (दोन शेजारच्या पट्ट्यांमध्ये १०० सेंट.) फोनवर ट्यूनरचं ॲप टाक, पेटीचा षड्ज धरून ठेवायला सांग, किती सेंट वर-खाली दाखवतंय ते लिहून घे. मग पॅडच्या प्लगइनमध्ये फाइन ट्यून किंवा मास्टर ट्यून असेल तिथं तेवढंच दे. प्लगइनमध्ये ते नसेल तर पॅड ऑडिओत बदलून घे आणि त्या तुकड्याची पिच तेवढे सेंट सरकव, रीपरमध्ये आयटमच्या प्रॉपर्टीत जागा आहे. पेटीला हात लावायचा नाही, पॅडनं पेटीकडं यायचं.

एवढं करून पण गंधार-धैवत टोचत असतील तर पॅडमध्ये नुसते षड्ज-पंचम ठेव, बाकीचे सूर काढून टाक. अभंगाच्या मागं तेवढंच पुरतं.

सांगली_४८के

आणि इंटरफेस आणि प्रोजेक्ट दोन्हीकडं सॅम्पल रेट एकच आहे ना ते पण बघून घे. रेकॉर्डिंग ४८ ला आणि वाजवताना ४४.१ समजलं गेलं तर सगळं साधारण दीड पट्टीनं खाली जातं आणि लय पण पडते. तुझं डुगडुगतंय म्हणजे ते नसावं, पण पुढच्या वेळी बुवांचा आवाज एकदम भसाडा आला तर आधी तिथं बघ.

पखवाज_सातारा

ट्यूनरवर बघितलं. पेटी २२ सेंट चढी आहे. पॅडला फाइन ट्यून होतं, तेवढं दिलं, बसला एकदम. आता टाळ वेगळे घ्यायचेत पण ते एवढे तीक्ष्ण येतात की बाकी काही ऐकूच येत नाही, माईक किती लांब ठेवू?

कोयनाकाठची

टाळकऱ्यांना खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला उभं करा, माईकचं तोंड त्यांच्याकडं सरळ नको, थोडं बाजूला वळवा. गेन एवढा कमी ठेवा की सगळ्यात मोठ्या ठोक्याला पण मीटर उणे १० च्या वर जाणार नाही. आणि मागं भिंतीला गोधड्या टांगा.

वाळव्याचा_बीट

टाळाचं सुटं ठोकं पण वेगळं रेकॉर्ड करून ठेव आन् मला पाठव, हलगीखाली टाकून बघतो काय होतंय.